गाणं त्यांचं, एडिट तुमचं, मग जाहिरातीचे पैसे कोणाचे?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. डेटा पॅक संपलाय, लोकलमध्ये इयरफोन सापडत नाहीयेत किंवा लेक्चर चालू आहे, अशा सगळ्यांसाठी. बोलताना इकडेतिकडे गेलेलं थोडं नीट लावून घेतलंय, बाकी मजकूर तोच.

फॅन व्हिडिओ बनवणाऱ्यांकडून दोन प्रश्न सतत येतात. पहिला, "दादा, व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलाय, आता चॅनेल उडणार का?" दुसरा, "व्ह्यूज लाखात आहेत, जाहिरातीपण दिसतात, मग माझ्या खात्यात शून्य रुपये कसे?" पहिल्या प्रश्नात भीती आहे, दुसऱ्यात राग. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. क्लेम हा बहुतेक वेळा एक सौदा असतो: व्हिडिओ राहू दे, पण त्याची कमाई गाण्याच्या मालकाला जाऊ दे. हा सौदा तुम्हाला न विचारता होतो, म्हणून तो शिक्षेसारखा वाटतो. तो कसा होतो, कोण करतं आणि त्यात तुमच्या हातात काय उरतं, हे आज बघू. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे, वकील नाही. त्यामुळे सिस्टिम कशी चालते यावर जास्त बोलेन, कायद्याचं लागेल तेवढंच.

एका गाण्याचे मालक किती?

समजा, साताऱ्यातल्या एका मुलीने गणपती विसर्जनाची मिरवणूक स्वतःच्या मोबाइलवर शूट केली. दोन रात्री जागून बीटवर कट मारले, मागे 'झिंगाट' लावलं आणि टाकला व्हिडिओ. दृश्यं शंभर टक्के तिची. मेहनत तिची. मग दुसरं कोण मधे आलं?

इथे आपली पहिली गल्लत होते. आपण 'गाणं' ही एक वस्तू समजतो. कायद्याच्या नजरेत त्या किमान तीन वस्तू आहेत. एक, शब्द. दोन, चाल. तीन, स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण. तिन्हींचे हक्क वेगळे आणि मालकही वेगळे असू शकतात. 'सैराट' २०१६ चा. 'झिंगाट'चे शब्द आणि चाल अजय-अतुल यांची, आणि ध्वनिमुद्रण बाजारात आणलं झी म्युझिक कंपनीने. तुम्ही एडिटमध्ये सिनेमातली दृश्यं वापरलीत, तर चौथी वस्तू आली, चित्रपट. तिथे निर्माते आले.

म्हणून कधी कधी एकाच व्हिडिओवर दोन-तीन क्लेम दिसतात आणि लोक घाबरतात. घाबरू नका. रेकॉर्डिंगवाला वेगळा हात वर करतो, शब्द आणि चालीचे हक्क सांभाळणारा वेगळा. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे सिनेमासाठी गाणी लिहिणाऱ्या आणि चाली बांधणाऱ्या माणसाला, सिनेमा थिएटरमध्ये दाखवणं सोडून इतर वापराच्या रॉयल्टीवरचा हक्क कोणाला सहजासहजी लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा अशा संस्थेला देता येतो, कंपनीला नाही. आधी अनेक गीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळं सोडून द्यायचे. तेव्हा क्लेमवर चिडताना एवढं लक्षात असू द्या, की त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला फक्त कंपनी नसते. कधी एखादा कवीही असतो.

रांगोळीचे ठिपके आणि कंटेंट आयडी

आता माझ्या आवडीचा भाग. अपलोड केल्यावर दोन मिनिटांत यूट्यूबला कळतं कसं?

ही सिस्टिम म्हणजे कंटेंट आयडी. २००६ मध्ये गुगलने यूट्यूब १६५ कोटी डॉलरला विकत घेतलं. २००७ मध्ये व्हायाकॉम या मोठ्या माध्यम कंपनीने शंभर कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला, आणि त्याच वर्षी ही सिस्टिम आली. मालक आपल्या गाण्यांची मूळ फाइल यूट्यूबला देतो. यूट्यूब तिचा 'ठसा' काढून ठेवतं. नवा व्हिडिओ आला की त्याचाही ठसा काढून जुन्या ठशांशी जुळवतं.

ठसा म्हणजे काय? अंगणातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. गाण्यात प्रत्येक क्षणी अनेक स्वर वाजत असतात. त्यातले जे सगळ्यात ठळक, तेवढेच ठिपके म्हणून कागदावर मांडायचे. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा. मग 'या ठिपक्यापासून तो ठिपका किती लांब' एवढी मापं साठवायची. गाणं ओळखणारे प्रोग्राम साधारण याच तत्त्वावर चालतात. मागे गर्दीचा गोंगाट असला, ढोल वाजत असला, मोबाइलचा माइक सुमार असला, तरी ठळक ठिपके बऱ्यापैकी जागेवर राहतात. रांगोळीवरून कोणी चालत गेलं तरी नक्षी ओळखू येते, तसंच.

म्हणूनच "पिच थोडी वर कर, स्पीड १.०५ कर, कडेला बॉर्डर लाव, क्लेम येत नाही" हे सल्ले टिकत नाहीत. आज एखादा व्हिडिओ सुटतोही, पण जुने व्हिडिओ नव्या ठशांशी पुन्हा तपासले जातात. क्लेम सहा महिन्यांनीही येऊ शकतो. शिवाय सिस्टिम फक्त रेकॉर्डिंग ओळखते असं नाही, चालही ओळखू शकते. तुम्ही स्वतः बासरीवर वाजवलेलं गाणंही त्यात सापडू शकतं.

जुळणी झाली की पुढे काय करायचं हे मालकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पर्याय तीन: व्हिडिओ बंद करायचा, त्यावर जाहिराती लावून पैसे घ्यायचे, किंवा नुसतं किती जण बघतायत त्यावर लक्ष ठेवायचं. हे देशागणिक वेगळंही असू शकतं. म्हणून कधी कधी तुमचा व्हिडिओ पुण्यात दिसतो आणि दुबईतल्या मावशीला दिसत नाही.

बंद करण्याऐवजी पैसे का घेतात?

यामागे एक इतिहास आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत जिम कापोस्झ्टास नावाच्या तरुणाने दोन व्हीसीआर जोडून जपानी कार्टूनमधली मारामारीची दृश्यं बीटल्सच्या प्रेमगीतावर बसवली. ॲनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजे आजच्या भाषेत एएमव्ही, या प्रकाराची सुरुवात तिथून मानतात. पुढे अशा व्हिडिओंची मोठी वेबसाइट उभी राहिली. २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या कंपनीने त्या साइटला सांगितलं, की आमच्या इव्हॅनेसन्स, क्रीड आणि सीदर या बँडची गाणी वापरलेले सगळे व्हिडिओ काढा. हजारो व्हिडिओ एका फटक्यात गेले. त्या काळात मालकाच्या हातात ही एकच काठी होती.

कंटेंट आयडीने त्याच्या हातात गल्ला दिला. २००९ चा किस्सा बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका जोडप्याने लग्नात चर्चमध्ये क्रिस ब्राउनच्या 'फॉरेव्हर' या गाण्यावर नाचत प्रवेश केला आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आठवडाभरात कोटीच्या घरात लोकांनी पाहिला. गाणं तेव्हा वर्षभर जुनं झालेलं. हक्क सोनीच्या कंपनीकडे होते. त्यांनी व्हिडिओ उडवला नाही, त्यावर जाहिरात आणि गाणं विकत घ्यायची लिंक लावली. जुनं गाणं पुन्हा आयट्यून्सच्या यादीत चौथ्या आणि ॲमेझॉनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. कंपन्यांना धडा मिळाला: चाहता फुकटात जाहिरात करतोय, त्याला हाकलायचं कशाला?

त्या जोडप्याला जाहिरातीच्या पैशांत वाटा नव्हता. पण आपल्याकडे बघणाऱ्या एवढ्या लोकांना त्यांनी कौटुंबिक हिंसाचार रोखण्याच्या कामासाठी देणग्या द्यायचं आवाहन केलं आणि लोकांनी दिल्या. म्हणजे गाण्याचा पैसा मालकाचा, पण जमलेले लोक तुमचे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आज यूट्यूबच्याच अहवालांनुसार कंटेंट आयडीच्या क्लेमपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी मालक व्हिडिओ चालू ठेवून पैसे घेणंच पसंत करतात. तुमचा फॅन व्हिडिओ जिवंत आहे, तो याच सौद्यामुळे.

पैशाचं गणित

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी चॅनेलला पार्टनर प्रोग्रॅममध्ये घेतलं जावं लागतं. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर, आणि सोबत मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला वेळ किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. एवढं झाल्यावर नेहमीच्या लांब व्हिडिओवर जाहिरातीतून १०० रुपये आले, तर ५५ चॅनेलला आणि ४५ यूट्यूबला.

क्लेम आला की हे ५५ रुपये दुसऱ्या दिशेला वळतात. साताऱ्याच्या मुलीला काही नाही. तिच्या चार मिनिटांच्या व्हिडिओत गाणं फक्त ४० सेकंद असलं तरी एरवी सगळी कमाई वळू शकते. "चाळीस सेकंदांचे चाळीस सेकंदांपुरतेच घ्या" असा हिशेब तिथे आपोआप होत नाही. आणि हो, तुमचं चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसलं तरी व्हिडिओवर जाहिरात दिसू शकते. ती दिसली म्हणजे तुमचे पैसे कोणी चोरले असं नाही.

शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे आणि इथे थोडी चांगली बातमी आहे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी आपल्याच देशात सुरू केली. शॉर्ट्समध्ये ॲपमधल्याच संग्रहातलं गाणं लावलंत, तर त्या गाण्याचे पैसे आधीच बाजूला काढले जातात. एक गाणं वापरलं तर त्या व्ह्यूजच्या कमाईतला अर्धा भाग संगीतासाठी, अर्धा क्रिएटरांच्या सामायिक गल्ल्यात. दोन गाणी वापरली तर गल्ल्यात एक तृतीयांश. त्या गल्ल्यातून तुमच्या व्ह्यूजच्या प्रमाणात जो वाटा निघतो, त्याचे ४५ टक्के तुम्हाला. रक्कम लहान असते, पण भांडण नसतं. अट एक: दृश्य तुमचं हवं. सिनेमातला तुकडा जसाच्या तसा उचलून टाकलात तर ते व्ह्यूज पैशासाठी धरतच नाहीत.

क्लेम वेगळा, स्ट्राइक वेगळा

हे दोन शब्द लोक एकच समजतात. क्लेम एका व्हिडिओवर असतो. एरवी त्याने चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक चॅनेलवर असतो. मालकाने कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला की स्ट्राइक बसतो. ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं, सगळ्या व्हिडिओंसकट. पहिला स्ट्राइक आल्यावर कॉपीराइट स्कूल नावाचा छोटा अभ्यास पूर्ण करावा लागतो आणि ९० दिवसांनी तो स्ट्राइक जातो. स्ट्राइक आल्यावर घाबरून व्हिडिओ डिलीट केलात तरी स्ट्राइक तसाच राहतो, हे पक्कं लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपवर फिरणारे मंत्र

आता काही समजुती निकालात काढू.

"खाली क्रेडिट दिलंय." चांगलं केलंत, शिष्टाचार आहे. पण क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर त्याचं नाव लिहिलं, तर गाडी नेलीच ना?

"दहा सेकंदांपर्यंत चालतं." असा आकडा ना कायद्यात आहे, ना यूट्यूबच्या नियमात. किती वापरलं, कशासाठी वापरलं, मालकाचं काय नुकसान झालं, हे कोर्ट बघतं. सॉफ्टवेअर तर तेवढंही बघत नाही, फक्त जुळतं की नाही एवढंच बघतं.

"मी पैसे कमवत नाहीये." तरी क्लेम येतो. हक्क वापरावर असतो, नफ्यावर नाही.

"वरातीत वाजवायला परवानगी लागत नाही, मग वरातीचा व्हिडिओ टाकला तर काय झालं?" आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नातले इतर समारंभ यांत गाणं वाजवायला सूट आहे, हे खरं. पण ती सूट तिथे, त्या वेळी वाजवण्याला आहे. तोच आवाज रेकॉर्ड करून जगभर दाखवणं ही दुसरी गोष्ट झाली.

आणि आता माझा लाडका मंत्र. व्हिडिओखाली इंग्रजीत लांबलचक परिच्छेद असतो: १९७६ चा कॉपीराइट कायदा, कलम १०७, फेअर यूज वगैरे. मंडळी, तो अमेरिकेचा कायदा आहे. आपला कायदा १९५७ चा, आणि त्यात कलमंच ७९ आहेत. कलम १०७ शोधायला गेलात तर पुस्तक संपेल! आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहे आणि ते अमेरिकेपेक्षा मर्यादित आहे: खासगी वापर आणि अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. आवडलं म्हणून एडिट केलं, हे त्या यादीत नाही.

जुनं गाणं फुकट असतं का?

कधी असतं, पण हिशेब नीट करायला हवा. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते.

गीतरामायण घ्या. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये प्रसारित झालं, म्हणजे सत्तरेक वर्षं झाली. वाटेल की आता मोकळं. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत सुरक्षित. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाली २०६२ अखेरपर्यंत. एखादं जुनं रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी आतले शब्द आणि चाल मोकळी झालेली नसते.

आता तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, तुमचे-आमचे सगळ्यांचे. पण तो ज्या प्रसिद्ध चालीत आपण ऐकतो ती एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असते आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. अभंगाला तुम्ही स्वतः चाल लावली, स्वतः गायलात, मित्राने पखवाज वाजवला, तर ते पूर्ण तुमचं. त्यावर कोणी क्लेम टाकला तर बिनधास्त भांडा.

भांडायचं कधी, आणि कसं?

सिस्टिम चुकते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीत तंत्रज्ञाने सांगितलं, की त्याच्या दहा तासांच्या नुसत्या 'सूंऽऽ' अशा खरखरीच्या व्हिडिओवर पाच क्लेम आलेत! त्याच वर्षी जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानोवादकाने घरी स्वतः वाजवलेल्या बाखच्या तुकड्यावर फेसबुकवर सोनीचा क्लेम आला. बाख १७५० मध्ये गेला. ओरड झाल्यावर क्लेम मागे घेतला गेला.

काही वेळा लबाडीही असते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या दोघांनी ५०,००० हून जास्त लॅटिन गाण्यांचे आपण मालक आहोत असं खोटं सांगून कंटेंट आयडीतून २ कोटी ३० लाख डॉलर गोळा केले. २०२१ मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवले गेले, २०२३ मध्ये एकाला ७० महिन्यांची कैद झाली. ज्यांची गाणी होती त्या कलाकारांना वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता.

मग क्लेम आला तर क्रमाने काय करायचं?

आधी यूट्यूब स्टुडिओत जाऊन क्लेमचे तपशील उघडा. कोणाचा, कुठल्या मिनिटापासून कुठपर्यंत, आणि परिणाम काय, हे तिथे लिहिलेलं असतं.

गाणं खरंच त्यांचं असेल तर तीन रस्ते आहेत. क्लेम राहू द्या आणि व्हिडिओ चालू द्या. नाहीतर स्टुडिओतच तो तुकडा कापा किंवा तेवढं गाणं म्यूट करा. किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं दुसरं संगीत लावा. शेवटच्या दोन रस्त्यांनी क्लेम जाऊ शकतो, आणि दुसऱ्यांचं दुसरं काही नसेल तर पुढची कमाई तुमची.

क्लेम चुकीचा असेल, परवानगी असेल किंवा मजकूर मोकळा असेल, तर डिस्प्युट करा. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत केलंत तर त्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवली जाते. म्हणून उगाच आठवडा घालवू नका. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्याने काही केलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने नाकारलं तर तुम्ही अपील करू शकता, तिथे त्याला ७ दिवस. अपीलनंतरही तो अडून राहिला, तर त्याला व्हिडिओ काढायची कायदेशीर नोटीस द्यावी लागते, आणि मगाशी सांगितलेला स्ट्राइक इथे येतो. म्हणजे "बघू तरी काय होतं" म्हणून अपील करणं महागात पडू शकतं. हातात कागद असेल तरच पुढची पायरी चढा.

आकडे काय सांगतात? यूट्यूबच्या पहिल्या पारदर्शकता अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींहून जास्त क्लेम झाले, त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक आपोआप. डिस्प्युट एक टक्काही नाहीत. पण जे झाले त्यातले ६० टक्के अपलोड करणाऱ्याच्या बाजूने सुटले. म्हणजे ज्यांची बाजू खरी असते त्यांनी गप्प बसायचं कारण नाही.

एडिट सुरू करण्याआधीचा एक प्रश्न

फॅन एडिटवाल्यांचा खरा अडथळा अनेकदा कॉपीराइट नसतोच. पार्टनर प्रोग्रॅमसाठी अर्ज केला की 'रीयूज्ड कंटेंट' हा वेगळा नियम लावतात. दुसऱ्यांचे तुकडे फारसं काही न बदलता जोडलेले असतील, तर मालकाने परवानगी दिली असली तरी चॅनेल नाकारलं जाऊ शकतं. चार हजार तास भरले, दोन वर्षं गेली आणि दारावरून परत पाठवलं, हे क्लेमपेक्षा जास्त लागतं.

म्हणून टाइमलाइनवर पहिला कट मारण्याआधी स्वतःला विचारा: हा व्हिडिओ मी कशासाठी करतोय?

मजेसाठी, सरावासाठी, ओळख होण्यासाठी असेल, तर खुशाल करा. मालकाने जाहिरातीचा पर्याय निवडलेला असेल तर क्लेम येईल, येऊ द्या. तुमचं एडिटिंग बघून लग्नाचा व्हिडिओ, मंडळाचा टीझर, दुकानाची रील करून द्या म्हणणारी माणसं भेटतात. ते पैसे पूर्ण तुमचे. मिनेसोटाच्या जोडप्याची गोष्ट आठवा: जमलेले लोक तुमचे असतात. फक्त एकाच चॅनेलवर सगळं ठेवू नका. फॅन एडिट वेगळ्या चॅनेलवर आणि स्वतःचं काम वेगळ्यावर, म्हणजे उद्या क्लेम किंवा परीक्षणाचा प्रश्न आला तरी दोन्हींची सरमिसळ होत नाही. स्ट्राइक मात्र दोन्हीकडे टाळायचाच.

जाहिरातीतून कमवायचं असेल, तर व्हिडिओत तुमच्या मालकीचं काहीतरी भक्कम हवं. कव्हर गा, काही प्रकाशकांचा यूट्यूबशी करार आहे आणि पात्र कव्हरवर कमाईत वाटा मिळतो. पण आवाज आणि वाद्यं तुमची हवीत. विकत किंवा फुकट मिळालेला कराओके ट्रॅक हे पुन्हा दुसऱ्याचं रेकॉर्डिंग झालं. नाहीतर गाणं उलगडून सांगा: ठेका कसा आहे, कोरस कुठे येतो, चाल कुठे वळते. तिथे छोटा तुकडा वापरलात तरी समीक्षेचं कारण तुमच्या बाजूने असतं. किंवा गावातल्या, कॉलेजातल्या नव्या बँडला, शाहिराला विचारा. त्यांनाही व्हिडिओ हवाच असतो. परवानगी ईमेलवर लेखी घ्या: कुठलं गाणं, कुठे वापरणार, कमाई कोणाची. त्यांचं गाणं कंटेंट आयडीत असेल तर तुमचं चॅनेल सूट दिलेल्या यादीत टाकायला सांगा. अशी यादी खरंच असते.

उद्या तुम्हीच गाणं बनवून एखाद्या वितरकामार्फत टाकणार असाल, तर एक सूचना. बीट फुकटच्या लूपवर बांधली असेल तर कंटेंट आयडीच्या पर्यायावर टिक करू नका. तोच लूप वापरणाऱ्या शंभर पोरांच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने क्लेम जातील, आणि मग त्यांच्याही मनात तेच येईल जे आज तुमच्या मनात येतं.

एवढंच होतं आज. मध्यरात्री एक्स्पोर्ट लावून झोपणारा तुमच्या ओळखीचा कोणी एडिटर असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. पुढच्या वेळी बघू, आपण गाणं ऐकतो तेव्हा ॲप गायकाला पैसे नेमके कशावरून मोजून देतं. तोपर्यंत ऐकत राहा, बनवत राहा!